चाळीस पेनांचे आटे

९ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीत रोज लॉगबुक भरायचे. इथे शेडमध्ये लॉगबुक नाही, म्हणून पप्पांना म्हटलं, एक सुरू करू. ते म्हणाले, "लॉगबुक कशाला? डायरी लिही. डायरीत मशीनशिवायही काही लिहिता येतं."

पाहू.

पहिल्या पानावर तपासणाऱ्याचं नाव लिहायची सवय आहे. दीपाली, वय सत्तावीस, मेकॅनिकल इंजिनिअर. चार वर्षं हडपसरच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात ब्रेकचे बोल्ट तपासले. माझ्या हातून गेलेला एकही बोल्ट परत आला नाही. हे वाक्य मी राजीनाम्याच्या पत्रातही लिहिलं होतं. जाणाऱ्या माणसाने ते का लिहावं, हे आता सांगता येत नाही.

डिसेंबरपासून पप्पा आणि मी हाताने शाईची पेनं बनवतो. पप्पा एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात टर्नर होते. लेथ त्यांचा, कल्पना माझी. गेल्या महिन्यात आठ पेनं ओळखीच्यांना वापरायला दिली. पाच परत आली. टक्केवारी काढायची गरज नव्हती, तरी काढली: साडेबासष्ट.

तक्रार पाचांची एकच. पेनाचे मुख्य भाग तीन: शाईची नळी, तिच्या पुढे बोटांनी धरायची पकड (निब हिच्यातच बसते), आणि टोपण. पकड नळीला आट्यांनी जोडलेली, टोपणही पकडीवर आट्यांनीच लागतं. टोपण उघडायला फिरवलं की टोपणाऐवजी पकडच सुटते, पेन मधोमध उघडतं आणि शाई मांडीवर. एका गृहस्थांनी पेन शर्टासकट परत केलं.

उरलेली तीन पेनं पप्पांनी लेथवरून उतरवल्या उतरवल्या परस्पर कॅरमच्या मित्रांना दिली होती, मी पोलादी बोल्ट फिरवून आटे तपासायच्या आधीच. त्यांची तक्रार नाही. मित्र पेन वापरत नसावेत.

अनिरुद्ध सरांचा, म्हणजे माझ्या जुन्या साहेबांचा, फोन होता. "तुझी जागा तीस एप्रिलपर्यंत रिकामी ठेवतो. पुढे माझ्या हातात नाही." आई ऐकत होती. आई जिल्हा परिषदेत आहे. पेन्शन या विषयावर ती माझ्याशी अजून एकदाही बोललेली नाही. नुसती म्हणाली, "छंद म्हणून चांगलंच आहे की."

१२ फेब्रुवारी

सोनालीताई शेडवर आल्या. आमच्या विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, शाळेत गणित शिकवतात. जयंतीला हारतुऱ्यांऐवजी वही-पेन आणायची आमच्याकडे पद्धत आहे. गठ्ठ्याने येणारी ती पेनं जूनपर्यंत संपतात. यंदा मंडळाला दहावीची परीक्षा दिलेल्या चाळीस मुलींना टिकणारं पेन द्यायचंय. कार्यक्रम १२ एप्रिल, रविवार.

मी म्हटलं, "निकाल नंतर लागतो. नापास होणाऱ्यांनाही पेन जाईल."

"जाऊ दे की. निकाल बघून दिलं तर ते बक्षीस झालं. बक्षिसं द्यायला शाळा आहे."

मी "पाहू" म्हणणार होते. पप्पा "देतो" म्हणून मोकळे झाले.

"मग मी विहारात जाहीर करते," ताई म्हणाल्या. "आपल्या तात्यारावांची लेक पेनं करून देणार. आणि मुली सगळ्या पांढऱ्या ड्रेसमध्ये येतील. रिवाज आहे आपला, माहितेय ना? का कंपनीत विसरलीस?"

विसरले नव्हते. मी शाईचा विचार करत होते.

त्या गेल्यावर पप्पांना विचारलं, "तुम्हाला खात्री आहे?" ते म्हणाले, "आहे." पाच वाजता पुन्हा विचारलं. म्हणाले, "मघाशी होती."

घरी येताना ठरवलं: ही चाळीस पेनं टिकली तर हा उद्योग आहे. नाही टिकली तर तीस एप्रिलला अनिरुद्ध सरांना फोन.

१७ फेब्रुवारी

उपाय क्रमांक एक. प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप. पकड घट्ट बसली. चौथ्या दिवशी टेपचे तंतू सुटून शाईत गेले, निबेखालची जीभ तुंबली. पेन आता गळत नाही. लिहीतही नाही.

२० फेब्रुवारी

उपाय क्रमांक दोन. लाख. जुने कारागीर वापरायचे म्हणतात. स्पिरिटमध्ये विरघळवून आट्यांना लावली. निकाल उत्तम: पकड सुटत नाही. शाई भरायलाही सुटत नाही. आमच्या पेनात पकड काढून नळीत ड्रॉपरने शाई भरायची असते, ही गोष्ट मी लाख वाळेपर्यंत विसरले होते. आईच्या हेअर ड्रायरने गरम केल्यावर सुटली.

सोनालीताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "वा. म्हणजे पेनाबरोबर ड्रायरही देणार."

२४ फेब्रुवारी

आज मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत होतं. दुपारी दोनपर्यंत.

आंघोळ करताना सुचलं. टोपण उघडताना आपण डावीकडे फिरवतो, त्याच ओढीने पकडही डावीकडे फिरून सुटते. मग पकडीचे आटे उलटे पाडले तर? टोपण उघडण्याची ओढच पकडीला घट्ट करेल. कागदावर बाण काढून पप्पांना दाखवले.

त्यांनी चष्मा वर केला. "आणि टोपण लावताना?"

"लावताना काय?"

"काही नाही," म्हणाले, आणि लेथला उलटे आटे पाडायची गिअरं बसवली.

टोपण लावताना पकड सुटते. आत, कुणाला न दिसता. शाई आता मांडीवर न सांडता टोपणात सांडते. ही प्रगती धरावी का, यावर मी दहा मिनिटं विचार केला.

ते पेन घरी आईला शाई भरायला दिलं. आईने नेहमीसारखं फिरवलं. पकड आणखी आवळली. आईने आणखी जोर लावला. चार तारखेचा पगार बारा तारखेला झाला की ती ज्या निर्धाराने फाइल काढायला लावते, तोच निर्धार. टक्. दोन तुकडे तिने माझ्या ताटाशेजारी ठेवले.

"हे सरकारी माणसाच्या हाताने मोडलं," म्हणाली. "जनतेच्या हाताने मोडणारच."

३ मार्च

कल्पना बंद. शिस्त सुरू. सगळ्या पेनांना सरळ आटे, माप एकच, आणि तपासणी माझी.

त्यासाठी आट्यांची पोलादी गेज खास बनवून आणली. गेज म्हणजे मापाचा दांडा: एक टोक आट्यात फिरून आत जायलाच हवं, दुसरं जाताच कामा नये. कंपनीत हेच वापरायचे. हातात घेतल्यावर बरं वाटलं. गेल्या तीन महिन्यांत इतकं बरं वाटलेलं आठवत नाही. आता ती ॲप्रनच्या खिशात असते.

पद्धत ठरवली. प्रत्येक नळी तीनदा गेजने तपासायची: लेथवरून उतरल्यावर, पॉलिशनंतर, आणि जोडण्याआधी. जोडलेलं प्रत्येक पेन पन्नास वेळा उघडून-लावून पाहायचं. एकही सुटायचं नाही.

पप्पांचा एक भाग दुसऱ्यापेक्षा दोन शतांश मिलिमीटरने वेगळा निघतो. त्यांना मोजून दाखवलं. प्रत्येक भाग उतरला की लगेच, त्यांच्या समोरच मोजते, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळेल.

सहाव्या नळीला ते म्हणाले, "अगं, बसलं ना एकदा? कितीदा विचारशील त्याला?"

तांत्रिक मुद्दा नाही, पण नोंद करून ठेवली.

८ मार्च

शेडच्या मालकीण सोजरआजी. पूर्वी इथे त्यांचा कडबा असायचा. आता चारी बाजूंना बारा-बारा मजले आहेत आणि मध्ये आमचा लेथ. आजी दुपारी दारात खुर्ची टाकून बसतात आणि आम्हाला बघतात. टीव्हीपेक्षा बरं, असं त्या म्हणतात.

आज गेज जात नाही म्हणून मी एक पेन बाजूला टाकलं. फार घट्ट. नापास.

"ह्ये टाकून द्यायचं हाय व्हय?"

"हो आजी. माप चुकलंय."

"दे हिकडं. मला कुटं परीक्षेला बसायचंय."

त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर फोन नंबर लिहितात. पेन तिथेच खिळ्याला दोरीने बांधलं. नापास पेन नजरेसमोर टांगलेलं मला आवडत नाही, पण शेड त्यांची आहे.

१४ मार्च

सेहेचाळीस पेनं तयार. सहा जास्तीची, सावधगिरी म्हणून. आज पुन्हा तपासली. एकोणीस सैल.

एक महिन्यावर कार्यक्रम आला आहे आणि एकोणीस सैल. शांत राहिले. तक्ता केला. तक्त्यात एक गोष्ट स्वच्छ दिसली: जी पेनं आधी बनली, ती जास्त सैल. परवाची अजून घट्ट आहेत.

म्हणजे कारण वय. पेनांचं एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. रबर उन्हाळ्यात बदलत असणार. मार्चच्या उन्हात शेडचा पत्रा तापतो, माल रोज थोडा थोडा आकसतो. पप्पांना सांगितलं.

"एबोनाइट?" ते म्हणाले. "कारखान्यात एबोनाइटची मूठ होती एका हत्याराला. माझ्या आधीच्या माणसाने लावलेली. मी निवृत्त झालो तेव्हा तशीच."

एक उदाहरण. निष्कर्ष निघत नाही.

आकसण्याचा वेग कळायला हवा. उद्यापासून रोज संध्याकाळी सगळी सेहेचाळीस पेनं उघडून नळीचे आटे गेजने तपासणार.

१८ मार्च

सैल: १९, २१, २३, २५. आलेख काढला. रेषा इतकी सरळ की कॉलेजच्या प्रयोगशाळेतही मला कधी अशी मिळाली नव्हती. समाधान वाटलं. मग रेषा कशाची आहे ते आठवलं.

गेज मी काम संपल्यावर पांढऱ्या कापडाने पुसून ठेवते. कापड रोज काळं होतं. शेडमध्ये धूळ फार आहे. दाराला पडदा लावायला हवा.

२१ मार्च, शनिवार

पप्पा आले नाहीत. कंबर दुखते म्हणाले.

काल मी त्यांना एवढंच विचारलं होतं की त्यांचा हात पूर्वीसारखा आहे ना. कारणांच्या यादीत ती शक्यता होती, आणि शक्यता विचारून खोडायची असते. ते "आहे" म्हणाले. मग मी त्यांना एकाच मापाच्या पाच पकडी काढायला सांगितल्या आणि मोजल्या. पाची बरोबर होत्या. तसं त्यांना सांगितलंही: बरोबर आहेत. त्यांनी लेथ पुसला, त्यावर कापड घातलं आणि चारलाच घरी गेले.

घरी पोचले तेव्हा ते शेजारच्यांचा मिक्सर उघडून जमिनीवर बसले होते. बसून करायचं काम आहे, कंबरेला चालत असावं.

आई म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली. ह्या माणसाची कंबर कधी दुखली नाही."

"वय," मी म्हटलं.

आईने माझ्या ताटात भाजी वाढली.

२४ मार्च

सैल: ३७. रेषेनुसार २९ मार्चपर्यंत सगळी सेहेचाळीस. कार्यक्रमाच्या चौदा दिवस आधी. वेळेच्या आत काम पूर्ण करण्याचा माझा लौकिक कायम आहे.

अनिरुद्ध सरांना मेसेज लिहून ठेवला. 'सर, जागा अजून आहे का?' पाठवला नाही. तीनदा वाचला. चुका नाहीत.

पप्पांची कंबर अजून तशीच. लेथ बंद. शेडमध्ये फार आवाज होत नाही आता.

२६ मार्च, गुरुवार

हे नीट क्रमाने लिहायला हवं.

अकरा वाजता सोजरआजी खिळ्यावरचं पेन घेऊन आल्या. "शाई भरून दे गं. मला ह्ये उघडंना." मलाही उघडेना. पकड नळीत अशी बसली होती की रबरी हातमोजे घालावे लागले. अठरा दिवस दिवसातून दहा वेळा टोपण उघडून वापरलेलं पेन. तोच माल, तोच पत्रा, तेच ऊन.

मी म्हटलं, "आजी, हे सैल कसं नाही झालं?"

"त्ये कशापायी ढिलं व्हईल?"

"बाकीची झाली ना. एकोणचाळीस."

"त्येंची तू रोज उठून मान पिळती. येकदा, दोनदा, सारखी ती लोखंडाची कांडी आत घालती आन् भाईर काढती. मला वाटलं, ढिलीच करायची असतील."

"आजी, ते मोजमाप आहे."

"आसंल बाई. मी काय शिकल्याली न्हाय."

साडेअकराला मी गेज पुसली. कापड काळं झालं. कापड उन्हात नेऊन बोटाने चोळलं. धूळ नव्हती. वास घेतला. गंधक.

पोलाद कठीण, एबोनाइट मऊ, आटे बारीक. गेज आत गेली की थोडं खरवडून बाहेर येते. प्रत्येक पेनाची मी आधी तीनदा, मग रोज एकदा तपासणी केली. जुनी पेनं जास्त सैल, कारण त्यांची तपासणी जास्त झाली. आजींचं पेन घट्ट, कारण ते नापास झालं आणि माझ्या हातून सुटलं. कॅरमच्या तीन मित्रांची तक्रार नाही, कारण त्यांना पेनं मी तपासायच्या आधी मिळाली. आलेखावरची ती सुंदर सरळ रेषा माझी स्वतःची होती.

कंपनीत दर जूनला नवी मुलं यायची. त्यांना पहिल्या दिवशी मीच सांगायचे: ताणून तपासलेला बोल्ट गाडीला लागत नाही, तो भंगारात जातो. त्यासाठी स्लाइड केली होती, लाल अक्षरांत.

दुपारी घरी गेले. वाक्य रिक्षात तयार केलं होतं. "पप्पा, मूळ कारण सापडलं. कारण मी आहे." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"अंदाज होता."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तू ते लिहून घेतलंस."

पुढे काय बोलावं ते मी तयार केलं नव्हतं. म्हणून म्हटलं, "सतरा दिवस आहेत. चाळीस पेनं. मला आटे पाडता येत नाहीत."

ते उठले आणि चपला शोधायला लागले.

"कंबर?" मी म्हटलं.

"बरी आहे."

२९ मार्च

नवीन चाळीस नळ्या करायला माल नाही आणि वेळ तर नाहीच. पप्पांचा मार्ग: नळ्या आहेत त्याच ठेवायच्या. प्रत्येक नळी जेवढी झिजली, तेवढीच जाड पकड तिच्यासाठी नवी काढायची. ज्या नळीची तिलाच.

"माप काय धरायचं?" मी वही उघडून विचारलं.

"माप नाही. बसतंय का नाही ते हाताला कळतं."

चाळीस पेनं, चाळीस मापं, ड्रॉइंग एकाचंही नाही. कंपनीत असं कुणी बोललं असतं तर मी त्याच्यावर अहवाल लिहिला असता. इथे मी जोड्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, म्हणजे सातव्या नळीला आठवी पकड जाणार नाही. बाकी पॉलिश, आणि हात स्वस्थ ठेवणं. दुसरं काम अवघड आहे.

गेज घरी ठेवली. आईच्या साड्यांखाली. माझ्या कपाटात ठेवली असती तर मला सापडली असती.

२ एप्रिल

पप्पा पकड थोडी काढतात, नळीत फिरवून बघतात, पुन्हा एक केसभर काढतात. शेवटच्या फेरीला डोळे मिटतात. बसली की बाजूला ठेवतात, आणि पुन्हा हात लावत नाहीत. मी बघत असते. आज चार तासांत मी एकदाही काही विचारलं नाही. अकराव्या पेनाला त्यांनी आपणहून सांगितलं, "ही जरा हट्टी होती."

आजी दारातून म्हणाल्या, "तात्याराव, पोरगी लई गप हाय आज. ताप-बिप न्हाय ना?"

"नाही मावशी. शिकतेय."

मी लेथवर काही शिकत नव्हते, नुसती बसले होते. त्यांचा गैरसमज झाला असावा.

१० एप्रिल

काल चाळीस पूर्ण. चाळिसाव्याला पप्पांनी लेथ बंद केला आणि बंद झाल्यावरही थोडा वेळ हात त्यावरच ठेवला.

पेटी घरी आणली आणि माझी परीक्षा सुरू झाली. सहज एक उघडून बघावं. एकच. मधलं. नमुना म्हणून. चहा होईपर्यंत मी तीनदा पेटीपाशी जाऊन आले. गेजशिवाय, नुसत्या हाताने, एकदा फिरवलं तर काही झिजत नाही. मी हिशेब केला होता. पण एक फिरवलं की मी चाळीस फिरवणार, आणि चाळीस झाली की पहिलं पुन्हा. माझ्याबद्दलची एवढी माहिती आता माझ्याकडे आहे.

आईने आज सकाळी डब्याच्या पिशवीबरोबर पेटी उचलली.

"कुठे नेतेस?"

"ऑफिसला. माझ्या कपाटात ठेवते."

"का?"

"सरकारी कपाट आहे. अर्ज केल्याशिवाय उघडत नाही." दारातून वळली. "आणि तुझा अर्ज मी घेणार नाही."

छंदासाठी तिने कपाटाचा अख्खा कप्पा रिकामा केला म्हणे.

१२ एप्रिल, रविवार

विहार भरलेला. वंदना झाली. चाळीस मुली पुढच्या रांगांत, सगळ्या पांढऱ्यात. मी मागे भिंतीला टेकून उभी, दाराजवळ. जागा मुद्दाम निवडली होती.

पेनं वाटली. सोनालीताई बोलायला उभ्या राहिल्या. आणि मग जे झालं त्याचा मी कुठल्याही यादीत विचार केला नव्हता. सोळा वर्षांच्या चाळीस मुलींच्या हातात नवं पेन दिलं तर त्या काय करतील? उघडतील. लावतील. उघडतील. लावतील. भाषण संपेपर्यंत. शाई भरलेली होती. ताईंचा आग्रह, पहिला शब्द इथेच लिहायचा.

मी मोजू लागले. तिसऱ्या रांगेतली चष्मेवाली, मिनिटाला नऊ वेळा. ताई बावीस मिनिटं बोलल्या. तिचं एकटीचं एकशे अठ्ठ्याण्णव. चाळिसांचं मनात केलं आणि भिंत धरली. पप्पा पुरुषांच्या बाजूला मांडी घालून बसले होते, हात गुडघ्यांवर, ताईंचं ऐकत. खरोखर ऐकत होते. मुलींकडे बघतही नव्हते.

कपडे पांढरेच राहिले.

कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी आली. "ताई, पेनं तुम्हीच बनवली ना? माझं उघडतच नाही."

पेन तिने पुढे धरलं. माझा हात ॲप्रनच्या खिशाकडे गेला. मी ॲप्रन घातला नव्हता, साडी नेसले होते, म्हणजे हात नुसताच कमरेला लागला. पप्पा दुरून बघत होते. पेन घ्यावं, टोपण काढावं, पकड सुटते का बघावं, पुन्हा लावावं, पुन्हा बघावं. सगळं तीन सेकंदांत मनात झालं.

"नाव काय तुझं?"

"सुरुची."

"नळी इथे धर, मागे. घट्ट. आता टोपण फिरव. जोर लाव."

"मोडलं तर?"

"लाव."

तिने ओठ आवळून फिरवलं. टोपण निघालं. पकड जागेवर होती. तिने तळहातावरच एक रेघ ओढली, मग माझ्याकडे बघून "लिहितंय!" असं ओरडली, जणू हे मला कुणीतरी कळवायला हवं होतं. पेन मी हातात घेतलंच नाही. ते कितवं होतं, हे कळायचं राहिलं.

रिक्षात पप्पा एका कडेला, मी दुसऱ्या, मध्ये आई आणि रिकामी पेटी. मी अनिरुद्ध सरांना फोन लावला. मी येत नाही म्हणून सांगितलं.

"एवढ्यात? चाळीसमधली किती परत येतात ते तरी बघ," ते म्हणाले. "तीस तारखेला अजून अठरा दिवस आहेत. नीट तपासून सांग."

"नको सर," मी म्हटलं. "झालं सांगून."

फोन ठेवला. आई म्हणाली, "मग आता एक कपाट घ्यावं लागेल तुम्हाला. माझा कप्पा मला परत हवाय."

पप्पा बाहेर बघत होते. रिक्षा गाडीतळाच्या सिग्नलला बराच वेळ थांबली. मी वाट बघितली. खात्री आहे का, असं त्यांनी विचारलं नाही.